टाकणखार

दुपारी तीनला मेढ्यातल्या माझ्या पायरीवर
तीन डोकी, एक स्टीलचा डबा.
"काका, टाकणखार आसा?"
"कित्याक?"
"स्लाइम करूक."

दीड महिन्यातलं पहिलं गिऱ्हाईक.
खडा फोडला, कोमट पाण्यात विरघळवला.
म्हटलं, तोंडात घातलंत तर कान पिळीन.

लव्हिनाने गोंदाची अख्खी बाटली उपडी केली.
तन्मेशने रंगाला चमचाभर आगळ,
आणि जमत आलेलं सगळं
पाणी पाणी.
आंबटाशी याचं पटत नाही, हे मलाही नवीन.
दुसऱ्या खेपेला कपड्यांची नीळ घातली.
गोळा धरला. निळा, थंड, लिबलिबीत,
भरतीने टाकून दिलेल्या जेलीफिशसारखा.
धाकटा नाक ओढत म्हणाला, "शेंबूड!"
मग दुकानात दुसरा शब्दच उरला नाही.

चाळीस वर्षं याच खाराने मी
सोन्याला सोनं जोडत आलो.
नथींचे फासे, मंगळसूत्राच्या वाट्या,
एक साखळी, तीनदा सांधलेली,
जी गेल्या चतुर्थीआधी मोडीत आली.
गोंदाला मात्र हा
हात सोडायला शिकवतो.
लव्हिनाने तळवा दाखवला, कोरडा.

"पैशे किती?"
तराजू काढला. गोळा तोलला.
सहा तोळे, वर दोन गुंजा.
पावतीवर लिहिलं, घडणावळ माफ.
धाकट्याने गोळा डब्यात कोंबला.
तन्मेश पावती वाचत राहिला,
मग हळूच म्हणाला,
"आणि घट किती धरलात?"

हा शब्द पोराला कुठून ठाऊक,
मी विचारलं नाही.