डबीत पडलेला कुणी नसतो

डबीत अठ्ठेचाळीस शिपाई येतात.
सगळे उभे, धावते, नेम धरलेले,
एकाच्या तोंडाला बिगूल.
पडलेला कुणी नसतो.
मेलेल्याचे पैसे कोण देणार.

म्हणून ते मी करतो, रात्री,
डॉक्टर बियाणींच्या कवळ्या हातावेगळ्या झाल्या की.
तोच स्पिरिटचा दिवा, तीच मेणाची सुरी.
आधी पायाखालची पट्टी कापायची.
मग गुडघ्यामागे पाचर, तांदळाच्या कणीएवढी,
सुई तापवून पाय दुमडायचा
आणि वीस मोजेपर्यंत गार पाण्यात धरायचा;
नाहीतर हे प्लास्टिक आठवणीचं पक्कं,
सकाळी पुन्हा ताठ.

डबीतले सगळे परमुलखातले, उंच टोप्यांचे.
टोपी तासून डिंकात भिजवलेला टिश्यू गुंडाळला
की झालं पागोटं.
लढाई असईची आहे,
भोकरदनच्या पुढं, केळणेच्या काठची.
नदी मी दातांच्या प्लास्टरची केली,
वर वार्निशचे तीन हात.

पहिले बारा मेलेच नाहीत.
नुसते आडवे झाले.
पाठीखालून कागद सरकत होता,
बियाणींच्या खुर्चीत पेशंट असतो तसे,
निजलेले, पण न टेकलेले.
बावीस मिलिमीटरच्या माणसात
वजन आणायचं कुठून?

मोंढ्यात सापडलं ते.
दुपारी, सौदे थांबल्यावर,
सोयाबीनच्या पोत्यांवर सांडू हमाल झोपतो.
तोंड उघडं, एक हात खाली लोंबता.
मान मोडलेली नसते, सोडलेली असते.
वहीत काढून घेत होतो, तेवढ्यात जागा झाला.
"काय काढता, दातवाले?"
"तुझा हात."
"आन् बाकीचा मी?"

बाकीचाही घेतला.
एक सांडू घोड्याखाली,
एक पाण्यात पालथा,
एकाचा तोच हात, बैलाच्या जुवावर.

अडलो तोफांपाशी.
शिंद्यांचे काही गोलंदाज म्हणे त्या दिवशी
तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले.
गोऱ्यांची रांग ओलांडून पुढं गेली,
तसे हे उठले
आणि पाठीमागून बत्ती दिली.
मेलेला मला येतो.
मेल्याचं सोंग घेतलेला कसा करायचा?
मूठ आवळली, तर राग दिसला.
डोळा मिटावा, तर या मापात डोळाच नाही.

सांडूला घरी आणलं.
टेबलापाशी उकिडवा बसून तो बघत राहिला, बराच वेळ.
मग आमच्या फरशीवर आडवा झाला.
"आता मेलो," म्हणाला.
थोड्या वेळानं, "आता सोंग."
मला दोन्ही सारखेच.
विमल चहा घेऊन दारातच थांबली होती.
"दुसऱ्यांदा टाचा जुळल्यात," ती म्हणाली,
"उठायचंय त्याला."

शाळेच्या प्रदर्शनात
एका पोरानं काचेला नाक लावून मोजले.
"एकोणचाळीस मेले, सर."
मी मान हलवली.
बाई त्याला पुढच्या टेबलाकडं घेऊन गेल्या,
तिथं ज्वालामुखी होता, सोड्याचा.
काचेवर त्याच्या श्वासाचं धुकं राहिलं,
नेमकं तोफांच्या वर.
मी पुसलं नाही.