चुन्याचा हिशेब

गोटलांडच्या उत्तर टोकाला, भट्टीवर,
बोटविडने एकतीस वर्षं चुनखडी भाजली.
घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या,
डब्याचं झाकण पांढरं,
एकदा माझ्या मानेवर पाच बोटं उठली, पांढरी.
संध्याकाळपर्यंत मी ती पुसली नव्हती.

आता डॉक्टर हासानोविच म्हणतात,
यांच्या रक्तात कॅल्शियम कमी आहे.
मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

नोव्हेंबरात पाय सुजले तेव्हाची ती गोळी,
पाणी काढणारी, बारीक, मधोमध रेघ असलेली.
सकाळी सहाला एक, दुपारी दोनला एक.
मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत गेले:
साडेसातशे मिली. नऊशे. सहाशे वीस.
बूट पुन्हा पायात गेले.
बंदरापर्यंत चालत जाऊन आलो दोघं,
धुरी दिलेला मासा नुसता बघून.

पाणी एकटं जात नाही,
हे नंतर कळलं.
दार उघडं दिसलं की मीठ निघतं,
पोटॅशियम निघतं,
आणि त्यांच्या मागून, अनवाणी, चुना.
मग गळ्यातल्या वाटाण्याहून लहान चार गाठी
हाडांकडे तगादा लावतात.
हाडं देतात.
हाडांना नाही म्हणता येत नाही.

लुसियाच्या आदल्या दिवशी
नर्सने रक्तदाबाचा पट्टा आवळला
आणि बोटविडचा हात मनगटात वाकला,
बोटं जुळलेली, अंगठा आत,
समुद्रपक्ष्याच्या चोचीसारखा मिटला.
"उघडत नाहीये," तो म्हणाला,
जसं काही कुणा दुसऱ्याच्या दाराबद्दल.
ओठांभोवती मुंग्या तर आठवडाभर होत्या.
त्याला वाटलं थंडी. मलाही.

मग ती गोळी अर्धी झाली,
जोडीला दुसऱ्या जातीची आली. ही म्हणे चुना राखते.
वर कॅल्शियमच्या चकत्या,
वर डी जीवनसत्त्वाचे थेंब.
फेब्रुवारीत सगळं उलटं:
पोट साफ होईना, तहान भागेना,
एका पहाटे मला "आई" म्हणाला
आणि विचारलं, भट्टीवर कोण आहे?
कॅल्शियम जास्त.
डॉक्टरांनी एक ओळ खोडून दुसरी लिहिली.
रागवायचं कुणावर?
दोन्ही गोळ्या आपापलं काम चोख करत होत्या.

एक्स-रेत मनगटाच्या रक्तवाहिन्या दिसल्या.
त्या दिसायच्या नसतात.
खडूने ओढल्यासारख्या दोन रेघा.
हाडांनी दिलेलं इथे येऊन बसलं होतं.
बोटविड चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला.
"कच्चा भाजलाय," म्हणाला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार विस्बीची बस.
कॅलेंडरवर आता मिलीच्या शेजारी दुसरा आकडा,
दोनच्या थोडा वर, दोनच्या थोडा खाली.
या बेटाचं पाणीच असं,
केटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो.
दर रविवारी व्हिनेगर घालून मी तो खरवडते.
आज चमचा हातात घेतला
आणि तसाच ठेवून दिला.