कॅम्प उतरा

पिंपरीत कंडक्टर ओरडला, "चला, कॅम्प उतरा!"
तशी किमनेईने धाकट्याची मनगटं धरली.
मी म्हटलं, अगं, बाजार आहे हा. कापडाचा.

लोकूमल शेठच्या दुकानात गोळा झालेल्या चादरी
मोजत होते. अकरा जणांच्या.
"कुठून आली पोरं?"
चुराचांदपूर. तिथल्या छावणीतून.

म्हातारा चष्मा पुसत राहिला.
मग गठ्ठा पायानेच सरकवून
वरच्या फळीवरच्या कोऱ्या काढल्या.
"जुनीला दुसऱ्याच्या घराचा वास येतो.
सहा वर्षांचा होतो, झोपच लागायची नाही."

पावतीवर नाव घातलं,
पत्त्याची ओळ तशीच सोडली.

परतताना, चादरींवर हनुवटी टेकून,
किमनेईने विचारलं,
दीदी, इथला कॅम्प उठला कधी?

बस मोरवाडीच्या सिग्नलला थांबली होती.