गार आहे, पण पोचत नाही

सर्बिनाज म्हणते, गॅस संपलाय, भरून दे.
सगळे हेच म्हणतात.
नुकूसमध्ये जुलै लागला की माझ्या गॅरेजपुढे रांग,
आणि साऱ्या रांगेचं निदान एकच.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.

मी आधी हात धरतो जाळीपुढे.
पालथा. तळव्याला घट्टे पडलेत,
हाताची मागली बाजू अजून खरं बोलते.
गार आहे.
ओल्या फडक्यासारखं गार,
पण उठून कुणाच्या कपाळापर्यंत जावं
एवढं बळ त्यात नाही.

म्हणजे कॉम्प्रेसर शहाणा आहे.
त्याचा खटका ऐकू येतो, नळीला घाम फुटलाय.
बटण एकवर: कुजबुज.
दोनवर: तीच, जरा जवळून.
तीनवर भांडण.
चारवर पंखा जीव खाऊन ओरडतो
आणि जाळीपुढे धरलेला कागदाचा कपटा
देणेकऱ्यासारखी नुसती मान हलवतो.
चारही आवाज वेगळे. रेझिस्टर शाबूत.
ओरडणाऱ्याचं काही चुकत नाहीये,
त्याला गिळायलाच वारा मिळत नाही.

कधीपासून?
उन्हाळ्यापासून, ती म्हणते. मग: गेल्या उन्हाळ्यापासून.
मग मागच्या सीटवरून तिचे वडील, टोपी गुडघ्यावर ठेवून:
मोयनाकच्या रस्त्याला पांढरी धूळ उठली होती ना,
त्या दिवसापासून.

ऊझाकबाय दर महिन्याला इतकं अंतर येतात
फुप्फुसं दाखवायला.
तिथे त्यांना नळीत फुंकायला सांगतात.
नळीतला निळा गोळा, ते सांगतात,
थोडा उठतो, मग लाजून खाली बसतो.
मी हसलो. मग वाटलं, हसायला नको होतं.

पुढचा कप्पा उतरवला.
आत औषधांच्या चिठ्ठ्या, खरबुजाच्या बिया,
लहान पोराचा एकच मोजा.
त्यामागे खाच, खाचेत फिल्टर,
ओढताना ओल्या गोधडीसारखा जड.
घड्या दिसत नव्हत्या. घडीघडीत पीठ.
करागाचच्या झाडाची पापुद्र्यासारखी बी,
एक टोळ, अख्खा, मिशांसकट,
बाकी सगळं पांढरं.

जिभेच्या टोकाला लावलं. खारट.
इथल्या प्रत्येक मिस्त्रीला ही चव ठाऊक आहे.
गिऱ्हाइकापुढे कोणी चाखत नाही.

इकडे दे, म्हातारा म्हणाला.
बोटांत चोळून पाहिलं, दळण पाहतात तसं,
बारीक की जाडं.
हे उत्तरेचं. तिथे आमचं जाळं जायचं,
दोरीचे बावीस हात सोडले तरी तळ लागायचा नाही.
मग बोटं पँटला पुसली
आणि विचारलं, नव्याला किती पडतील?

मी भाव सांगितला. जरा कमीच सांगितला.

नवा बसवला. कपटा हलला, पण मनापासून नाही.
सर्बिनाजने घड्याळ पाहिलं.
थांब, म्हटलं, अजून एक आहे.
खाचेतून आरसा घातला, बॅटरी मारली:
थंडाव्याची ती बारीक पत्र्यांची जाळी
नमद्यासारख्या थराने झाकलेली,
जणू कोणी तिला हिवाळ्यात पांघरूण घातलं
आणि काढायला विसरलं.
फेस मारला. ब्रश, पाणी, परत फेस.
गाडीखालच्या नळीतून काळं पाणी ठिबकलं, मग करडं.
कुत्रं प्यायला आलं, त्याला हाकललं.

दुपार कलल्यावर बटण चारवर.
कपटा हातातून सुटला,
दोन सीटांच्या मधून मागे गेला
आणि ऊझाकबायच्या छातीवर चिकटला.
सर्बिनाज पहिल्यांदा हसली.

त्यांनी डोळे मिटले.
पांढऱ्या दाढीचे चार केस मागे वळले.
मी मनात पैसे मोजत होतो, खोटं कशाला बोलू.
मग त्यांना खोकला आला. लांब, तळापासून.
आम्ही दोघं दुसरीकडे बघत राहिलो.

जोर आहे, ते म्हणाले.
मग, जरा दम घेऊन:
कमी कर.

एकवर ठेवलं.