वाफा क्रमांक सतरा

एप्रिलच्या पंचविसाला माती मुठीत घेतली,
दाबली, सोडून दिली.
गोळा फुटला नाही. तळहाताला गार चिखल.
वाफसा नाही.
नारीनच्या वरच्या अंगाला, एकवीसशे मीटरवर,
वाफसा कॅलेंडर बघून येत नाही.
कॅलेंडर मात्र माझ्याकडे होतं
आणि त्यात तीन तारखा लाल शाईने.
म्हणून पहिली पेरणी चिखलातच उरकली.

ओट. दाण्यासाठी नव्हे, वैरणीसाठी.
तीन तारखा, बियाण्याची चार मापं,
प्रत्येक जोडी तीन जागी,
छत्तीस वाफे, छत्तीस खुंट्या,
वारा सोडून सगळं सुतळीत बांधलेलं.
तोकतोसून सुतळीचं टोक धरून विचारायचा,
“एजे, ओटला आकडे कळतात का?”
मी म्हणायचे, ताण धर.

जूनमध्ये पीक पोटरीत आलं.
जुलै सरता सरता दाणा नखाने दाबला
तर पांढरा चीक.
हाच दिवस. याच्या आधी कापलं तर पाणीच पाणी,
नंतर कापलं तर जनावर काडी चघळत
आपल्याकडे बघत राहतं.

आम्ही विळे काढले.

सतरा नंबर उशिरात उशिरा पेरलेला,
विरळात विरळ.
हिशोबाने त्याने खुरटायला हवं होतं.
त्याचे दोघे भाऊ, चार आणि तेहेतीस,
शहाण्यासारखे खुरटलेही:
बावीस किलो, चोवीस किलो.
सतरा माझ्या खांद्याला लागत होता.
पान काळपट हिरवं, अंगठ्याएवढं रुंद,
मुळाशी इतके फुटवे की विळा अडायचा.
शेहेचाळीस.
काटा पुसला, पुन्हा टांगला. शेहेचाळीस.
मग तोकतोसूनला काट्याला लोंबकळायला लावलं.
तो नेहमीइतकाच भरला.
काटा खोटा नव्हता.

घोड्यांचं दूध काढून उल्कान परत चालली होती.
बांधावर बादली टेकवून म्हणाली,
“तिथे ना? तिथे आमचा मेंढरांचा वाडा होता.
ज्या वर्षी बर्फ वितळलं आणि रातोरात पुन्हा गोठलं, त्या वर्षी.
काचेखाली गवत दिसत होतं.
खुरांनी फुटेना.
आम्ही कुऱ्हाडीने फोडलं, माझा नवरा आणि मी,
जेवढं दोन माणसांना फुटतं तेवढं.”

शेत कसदार व्हावं म्हणून लोक रानात मेंढ्या बसवतात.
इथे कोणी बसवल्या नव्हत्या.
त्या आपण होऊन बसल्या
आणि उठल्या नाहीत.
“किती?” मी विचारलं. सवयच ती.
उल्कानने बादलीतली माशी बोटाने काढली.
“मोजल्या असत्या,” म्हणाली, “पण मग मोजल्या असत्या.”

रात्री कंदिलापाशी वही उघडली.
पाच मे. हेक्टरी एकशे साठ किलो.
चिकात कापणी.
हे उत्तर खरं आहे, मी त्याच्यापाठी उभी राहीन,
खालच्या तिन्ही गावांना तेच सांगेन.
आणि वाफा सतरा:
“जमिनीचा पूर्वेतिहास. वगळला.”
वगळायलाच हवा होता. सरासरी
अशा गोष्टींनी बिघडते.

पण आधी मातीचा नमुना घेतला होता मी,
चार कोपऱ्यांतून आणि मधून,
प्रयोगशाळेने सामू दिला, स्फुरद दिलं, पालाश दिलं.
नेमकी ती जागा माझ्या पाच खड्ड्यांच्या
मधे कुठेतरी राहून गेली,
आणि उल्कानचं घर
बांधापासून साठ पावलांवर होतं.

वगळलेलं पीक कोणाचंच नसतं.
तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी गाढवावर पेंढ्या रचताना
तिने सतरा नंबरच्या वेगळ्या बांधल्या,
लाल चिंधीने,
छपरावर, अगदी आत, कोरड्या कोपऱ्यात ठेवल्या.
तोकतोसूनने विचारलं, या कधी काढणार?
ती शिडी उतरत होती.
म्हणाली, “न काढाव्या लागोत.”