चवीपुरतं

कोल्चानीच्या शाळेत मिठाचा तुटवडा नाही.
खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत दुसरं काही नाहीच.
पाणी मात्र मोजून. टँकर मंगळवारी येतो,
आला तर.

काटा उयुनीतल्या चांदीवाल्याचा,
शुक्रवारी परत करायच्या बोलीवर.
बटाटे सेनोबिया लुपाच्या घरचे, इमिला जातीचे,
गुलाबी डोळ्यांचे, मुठीएवढे.
सायकलच्या पंपाची नळी कापून
आम्ही त्यांतून कांड्या पाडल्या,
नेमक्या चार ग्रॅमच्या. कमी भरली तर दुसरी,
जास्त भरली तर ब्लेडने
पापुद्रा, अजून एक पापुद्रा.

पाच ग्लास. पहिल्यात नुसतं उकळून गार केलेलं पाणी,
मग अर्धा टक्का, एक, दोन,
आणि पाच, ज्यात मुलांनी बोट बुडवून तोंडं वाकडी केली.
फळ्यावर मी लिहिलं: परासरण.
रोमुलोने विचारलं, हे कुणाचं आडनाव?

तीन तास थांबायचं होतं.
बाहेर सेनोबियाचा बाप इलारिओन
कुऱ्हाडीने मिठाच्या लाद्या पाडत होता.
तोंडावर फडकं, डोळ्यांवर काळा चष्मा,
बोटांच्या पेरांवर भेगा.
त्या भेगांना कुणी प्रयोग म्हणत नाही.

मग वजनं.
साध्या पाण्यातली कांडी चार पूर्णांक चार,
टणक, वाकवली तर काडकन मोडणारी.
पाच टक्क्यांतली तीन,
बोटाभोवती गुंडाळता येईल इतकी लुळी.
आतलं पाणी पडद्यापलीकडे निघून गेलेलं,
जिथे मीठ जास्त, तिकडे.
मी म्हटलं, बघा, बटाटा मिठाला जागला.
कुणी हसलं नाही. विनोद माझा मलाच अळणी लागला.

चौथ्या ग्लासात घोळ झाला.
साडेतीनच्या आसपास यायला हवं होतं, आलं दोन.
पुन्हा तोललं. दोनच.
कांडीच्या टोकाला दातांची चंद्रकोर होती.
रोमुलो जमिनीकडे बघत म्हणाला,
खारा लागत होता, बाई. बरा लागत होता.
सकाळी काय खाल्लंस, हे मी विचारलं नाही.
तक्त्यात वजन घटल्याचं कारण लिहायचा रकाना असतो.
त्यात लिहिलं: खाल्ला.
वजन खोडलं नाही.

सेनोबिया तिसऱ्या ग्लासापाशीच उभी.
एक टक्का. आधी चार, नंतरही चार.
बाई, इथे काही घडलंच नाही?
घडतंय गं, म्हटलं,
जितकं पाणी बाहेर जातं तितकंच आत येतं.
काट्याला ते दिसत नाही, एवढंच.
आई कालवणात टाकते ना, तसं हे मीठ,
चवीपुरतं.

ती बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिली.
तिचा भाऊ कालामाला, तांब्याच्या खाणीत.
चुलता गेला. शेजारची दोन्ही घरं गेली,
दारांना तारा बांधून.
म्हणाली, मग आमचं गाव
ह्या ग्लासात नाही.

मला उत्तर सुचलं नाही.
मी कोचाबांबाची. इथे येणाऱ्यांत
यंदा मी एकटीच.

संध्याकाळी तिने पाच टक्क्यांतली ती लुळी कांडी
साध्या पाण्यात टाकून खिडकीत ठेवली.
परत फुगेल का, बाई?
थोडीफार फुगेल, मी म्हणाले. सकाळी बघू.

जूनची रात्र. पारा शून्याखाली पंधरा.
सकाळी ग्लास उभा तडकलेला,
आणि बर्फाच्या खुंटात ती कांडी,
पांढुरकी, काचेसारखी.
सेनोबियाने ती ओट्यावर काढली, उन्हात ठेवली,
आणि जरा वितळल्यावर टाचेखाली घेऊन दाबली,
सगळ्या घरांतून ह्या महिन्यात दाबतात तशी.
पाणी निघालं. उरलं ते
बोटाच्या नखाएवढं.

आता हे दहा वर्षं टिकेल, ती म्हणाली,
आणि खिशात टाकलं.

तक्त्यात ह्याला रकाना नव्हता.
काटा मी फडक्यात गुंडाळला.
पारड्यावर मिठाचा पांढरा थर राहिला होता,
तो पुसावा की नाही, ठरेना.