आठ बोल्ट

एप्रिल संपता संपता लिअँडर पार्डीच्या गॅरेजात
हिवाळ्याचं मीठ येतं,
न्यूफाउंडलंडच्या रस्त्यांवर पाच महिने पसरलेलं,
गाड्यांच्या पोटाला चिकटून
पोलाद चाखत बसलेलं.

तो हातोडी घेऊन पिकअपखाली आडवा होतो.
टण. टण. टण.
मग एका जागी, थप्.
"इथे," म्हणतो, आणि बोट आत घालतो
चहात बुडालेल्या बिस्किटात घालावं तसं.

मी शिकायला आले तेव्हा पहिला धडा हाच:
ही एक गाडी म्हणजे दोन गाड्या.
खाली शिडी, आडवी पडलेली,
दोन लांब तुळया, मध्ये दांडे;
इंजिन, चाकं, खड्डे, ओझं, सगळं तिच्या माथी.
वर केबिन, नुसती टेकलेली.
आठ बोल्ट, आठ रबरी चकत्या,
एवढंच काय ते नातं.

सात सुटले. आठवा अडून बसला.
ज्योतीने लाल केला, शिव्या दिल्या, पुन्हा लाल केला.
मग साखळी ताणली आणि केबिन उठली
आरशाला लटकलेल्या जपमाळेसकट,
कपाच्या खाचेत राहिलेल्या
कालच्या अर्ध्या कॉफीसकट.
कॉफी सांडली नाही.
सांगाडा भंगारात जाईल. दुसरा येईल.
त्याच आठ भोकांवर हीच केबिन उतरेल
आणि सायरस हाइन्स म्हणेल, माझी जुनीच गाडी आहे.
म्हणू दे.

कोपऱ्यात व्हर्नाची चंदेरी मोटार.
हमरस्त्यावर तिला मूस आडवा आला,
घोड्याहून उंच,
डोळे दिव्यांच्या उजेडाच्याही वर, म्हणून न चमकलेले.
मी पाना घेऊन तिच्याभोवती दोनदा फिरले.
"सोडायचं कुठून?"
"सोडायचं नाहीच काही," लिअँडर म्हणाला.
तळ, खांब, छप्पर, सगळं एकाच पत्र्याचं अंग,
हाडं वेगळी नाहीत,
कातडीच हाड.
समोर बसलेला मार
दारापर्यंत, मागच्या दिव्यापर्यंत, सगळीकडे थोडा थोडा गेला.
ती वीतवीत दुमडत गेली
आणि व्हर्नापाशी येऊन थांबली.
गळपट्टीचं हाड मोडलं, बाकी व्हर्ना शाबूत.

आम्ही तिला बाकावर जखडून दोन दिवस ओढली.
एक कर्ण जुळला की दुसरा सात मिलिमीटर चुकायचा.
विम्याचा माणूस आला, फोटो काढून गेला.

त्या दुपारी लिअँडर बोलला, न विचारता.
सदुसष्ट साली बेट सोडलं.
घर मेढींवर उभं होतं, पायाच नव्हता;
मेढी काढल्या, खाली पिंपं बांधली,
भरतीला सगळ्या गावाने ते पाण्यात ओढलं.
चार होड्यांमागून घर उपसागर ओलांडत होतं
आणि आईने चुलीवरची किटलीसुद्धा उतरवली नव्हती.
या किनाऱ्यावर नव्या मेढी तयार होत्या.
घर बसलं. दारं लागली.
"बापाला मात्र," तो म्हणाला,
"कुठेच बोल्ट नव्हता."
आणि हात पुसायचं फडकं शोधू लागला,
जे त्याच्या खांद्यावरच होतं.

शनिवारी व्हर्ना सामान न्यायला आली, हात गळ्यात बांधलेला.
पहारीने दार उघडून दिलं.
बर्फ खरवडायची पट्टी, पोराचा एक बूट, सुटी नाणी.
निघताना दुमडलेल्या छपरावर तिने तळवा ठेवला,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि विचारलं, इथे शौचालय कुठे आहे?

संध्याकाळी पिकअपचा आठवा बोल्ट मी बसवला, नवा कोरा.
ग्रीस जरा जास्तच लावलं.
लिअँडरने पाहिलं, काही बोलला नाही.
उद्या कुणाला काढावा लागला तर
निदान त्याला तरी शिव्या द्याव्या लागू नयेत.